बोंडी आणि माझा रीतसर अर्ज

मांजराच्या पिल्लासाठी ढोरांच्या डॉक्टरला रीतसर अर्ज लिहिणारा अमरावतीतला मी पहिलाच माणूस असावा. शेवटचाही मीच असेन अशी आशा आहे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी कचेरीत कारकून होतो आणि राजापेठेत एका खोलीत आमचा नवा संसार होता. माझी बायको सुमन धामणगावाकडची, शेतकऱ्याची पोर. माहेराहून येताना तिनं टोपलीतून एक पिल्लू आणलं. कापसाच्या फुटलेल्या बोंडासारखं पांढरं, म्हणून नाव बोंडी. सुमन माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलायची!

एका सकाळी बोंडीनं दुधाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळ, मान वाकडी, आवाज बंद. मग सुमनही जेवेना.

"आवो, डाक्तरले दाखवा ना हिले!"

"कोणत्या? तो खाजगीवाला साहेब लोकांची कुत्री पाहतो. त्याच्या फीत आपला महिन्याचा किराणा येईल!"

"मंग सरकारी ढोराच्या दवाखान्यात चाला. तिथं फुकट पाह्यतात."

"असं उठून कसं जायचं? आधी अर्ज करावा लागतो!"

(असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. पण अर्जाशिवाय जगात काही घडतं, यावर माझा विश्वासच उरला नव्हता.)

मी मांडी घालून बसलो. 'मेहेरबान डॉक्टरसाहेबांचे सेवेशी. अर्जदाराचे मांजर, वर्ण पांढरा, वय अंदाजे दोन महिने...' दोन प्रती झाल्या. त्या फायलीला लावायच्या, तर फायलीची लाल नाडी गायब! मी घर डोक्यावर घेतलं.

"माझी नाडी कुठं ठेवलीस? आणि अजून तिसरी प्रत व्हायचीय!"

"तिसरी होईस्तोवर मरन ना बिचारी!" सुमननं बोंडीला पदरात गुंडाळलं आणि चालू पडली. मागून मी, अर्ज फडकवत.

दवाखान्यात लिंबाखाली बैलांची रांग होती. कंपाउंडरनं रजिस्टर उघडलं.

"जनावर कोणतं?"

"मांजर."

"मांजराचा रकाना नाई, बाई. बैल, गाय, म्हैस, बकरी. शेतीच्या कामाचं जनावर पायजे."

"सांगितलं होतं ना!" मी विजयी मुद्रेनं अर्ज पुढं केला. त्यानं तो पाहिलाही नाही.

सुमन जागची हलली नाही. "भाऊ, बैल काय खाते?"

"ढेप, सरकी."

"अन् घरातली सरकी कोण फस्त करते?"

"उंदरं."

"उंदरं कोण मारते?"

कंपाउंडरनं रजिस्टरावरून मान उचलून पदरातल्या बोंडीकडं पाहिलं.

"मंग हे शेतीचं जनावर होय का नाई?"

रांगेतले शेतकरी खदाखदा हसले. पहिला नंबर असलेला म्हातारा म्हणाला, "घ्या बाप्पा, माह्या बैलाच्या आधी हिलेच घ्या!" डॉक्टर हसतच बाहेर आले. "लिहा हो, बैलाच्याच रकान्यात!"

त्यांचा जन्म बैलांच्या तोंडात हात घालण्यात गेलेला. एका पंजात अख्खी बोंडी मावली. सुमननं दोन बोटांनी तिचा जबडा असा उघडला, की वासरांत वाढलेली पोर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी बॅटरी मारली. "जिभेखाली दोऱ्याचा फास हाय. आणखी एक दिवस गेला असता, तर कठीण होतं." त्या राकट हातांनी त्यांनी इतक्या हळुवार तो फास कापला, की बोंडीनं नखही काढलं नाही. ती शिंकली, आणि चक्क म्याऊ म्हणाली! दोन दिवस डोळ्यांत टिपूस न आणलेली सुमन तेव्हा ढसाढसा रडली. मला तिचा फार अभिमान वाटला. तसं म्हणणार, एवढ्यात डॉक्टरांनी चिमट्यातला दोरा उजेडात धरला.

लाल. टोकाला पत्र्याचं टोपण.

"ही तं फायलीची नाडी! बाई, घरी कोणी कचेरीत हाय का?"

सगळी रांग माझ्याकडे वळली. बैलसुद्धा!

सुमननं डोळे पुसले. "सापडली ना तुमची नाडी? बांधा आता थो अर्ज!"

तो अर्ज अजून आमच्या ट्रंकेत आहे. त्याच्यावर सुमनच्या अक्षरात शेरा आहे: 'काम झालं. अर्जदाराबिगर.'