अंतरपाटामागे गेलेलं चित्र

दिनकरअण्णांच्या षष्ट्यब्दीनिमित्त लिहायला बसलो, तर पहिली भेटच डोळ्यांपुढे येते. जुन्नरच्या त्यांच्या स्टुडिओत मी घाबराघुबरा होऊन शिरलो होतो. हातात ताईच्या लग्नाची कॅसेट होती. साखरेमुळे आईच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं; दोन दिवसांनी पुण्यात ऑपरेशन होतं आणि नजर राहीलच असं डॉक्टर सांगत नव्हते.

आमच्याकडे लेकीवर अक्षता पडताना आईने पाहायचं नसतं. तो क्षण तिने पाहिलाच नव्हता. मावसभावाने गर्दीत धक्के खात हँडीकॅमवर शूटिंग केलेलं. चित्र इतकं हलायचं की आईला घेरी यायची. ऑपरेशनआधी तिला एवढं तरी नीट दिसावं, याच काळजीने मला पोखरलं होतं.

अण्णांनी हातातली कामं बाजूला सारली. चित्रातली एक खूण धरायची, ती जागची हलणार नाही अशा बेताने कंप्युटर सगळं चित्र सरकवत नेतो, हे त्यांनी मला समजावलं. खूण म्हणून त्यांनी अंतरपाटावरचं स्वस्तिक धरलं. ते ठळक होतं, शिवाय मधोमध. वीज जाईल या धास्तीने शेजारच्या झेरॉक्सवाल्यांचा जनरेटर मागून आणला. तासन् तास आम्ही पडद्याकडे बघत बसलो.

मंगलाष्टकं संपेपर्यंत चित्र अगदी स्थिर होतं. मग अंतरपाट ओढला गेला, पण पडद्यावर तो मधोमधच राहिला आणि नवरा-नवरीच चौकटीबाहेर गेले! दुसरं कुणी असतं तर कंप्युटरवर खापर फोडलं असतं. अण्णा म्हणाले, "चूक माझी हाय, भाऊ. जे काढूनच घ्यायचं, त्येच मी धरून बसलो."

आमच्या अंगणातल्या मांडवाचा लोखंडी खांब धरून त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. स्थिर करताना चित्राच्या कडा कापाव्या लागतात, त्यात आमचे एक काका गेले. ते अजून ऐकवतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अण्णा स्वतः सीडी घेऊन ओतूरला आमच्या घरी आले. अंतरपाट दूर झाला आणि दिसलं, ताईने समोर पाहिलंच नव्हतं. तिची मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली होती. हलत्या चित्रात हे कुणालाच कळलं नव्हतं.

"ही माझ्याकडं बघती व्हती," आई म्हणाली. "आन् मी आत पाठमोरी बसले व्हते."

अण्णांनी न सांगता तेवढा भाग पुन्हा लावला. आई पुरे म्हणेपर्यंत ते लावत राहिले.

ऑपरेशननंतर आईला उजेड तेवढा कळतो. मी शिक्षण संपवून अण्णांच्याच हाताखाली शिकलो, आज त्यांच्यासोबत काम करतो.

गौरवग्रंथात तक्रार शोभत नाही, तरी करतो. अण्णांनाही आता साखर आहे आणि डोळे तपासायचं ते लग्नसराईच्या नावाखाली पुढे ढकलतात. अण्णा, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, पण त्याबरोबर नजरही लाभो. सोमवारी मी गाडी काढतो, मुकाट्याने बसा. आई रोज विचारते, "अण्णांचं डोळं दावलं का?" आणि मला अजून हो म्हणता आलेलं नाही.