चिमटा ज्या बाजूला

माझी आत्या बुडालेल्या जहाजांत पोहायला शिकवते. लोकांना हा वेडेपणा वाटतो. मला तिचा अभिमान आहे आणि मी तो मिरवते.

जहाजात शिरताना ती रिळावरची पांढरी दोरी सोडत जाते. पहिली गाठ दाराबाहेर, मग प्रत्येक वळणावर लोखंडाला एक वेढा. वेढ्याच्या शेजारी, परतीच्या बाजूला, कपड्यांचा साधा चिमटा. आत गाळ उठला की स्वतःचा हातही दिसत नाही. अशा वेळी वेढा चाचपायचा आणि चिमटा ज्या बाजूला लागेल तिकडे निघायचं. सराव आमच्याच घरात. स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत दोरी आणि डोळ्यांवर पट्टी बांधून रांगणारे आम्ही.

बाबा तिचे थोरले भाऊ. पोहण्यात पटाईत, म्हणून अक्कल जरा जास्तच! "पोहायला शिकवतेस की धुणं वाळत घालतेस गं?" असं म्हणत त्यांनी सराव कसाबसा उरकला आणि तिच्यामागे जहाजात गेले. मी वर होडीत होते. पुढचं त्यांनीच सांगितलं.

इंजिनाच्या खोलीत त्यांचा पाय तळाच्या गाळाला लागला. क्षणात सगळा काळोख. घाबरून त्यांनी दोरी सोडली, आणि मग ती सापडेचना. पाठीवरच्या टाकीतली हवा भराभर संपत होती.

आत्याने दोरी सोडली नाही. कमरेच्या छोट्या रिळाचं टोक तिने दोरीला बांधलं, रीळ उलगडत ती अंधारात हात फिरवत राहिली आणि तिने बाबांचा घोटा पकडला. त्यांना दोरीपाशी आणलं. लगेच बाबांनी तिला एका बाजूला ओढायला सुरुवात केली, कारण दार तिकडेच आहे अशी त्यांची खात्री होती. आत्याने त्यांची बोटं धरून वेढ्यावर ठेवली.

चिमटा दुसऱ्या बाजूला होता.

जन्मात पहिल्यांदा बाबांनी धाकट्या बहिणीचं ऐकलं. वेढ्यामागून वेढा, चिमट्यामागून चिमटा, आणि समोर दाराचा हिरवा उजेड!

पाण्याबाहेर डोकं काढताच आत्याने विचारलं, "काय दादा, वाळलं का धुणं?"

बाबांना हसू की रडू कळेना. ते एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या होड्यांतले लोक उठून उभे राहिले, "अरे, बघा! माझ्या बहिणीने मला बाहेर काढलं!"

हल्ली घरी पाहुणे आले की चहाच्या आधी बाबा त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात.