गार इंजिन

म्युनिकच्या घरात मी आणि गॅरेजमध्ये ती, एवढाच आमचा संसार उरला होता. बायको तिच्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला, मुलगी ब्राउनश्वाइगला शिकायला. ‘ती’ म्हणजे माझ्याच वयाची अमेरिकन मसल कार. आठ सिलिंडर, गर्द निळा रंग. सुरू झाली की शेजाऱ्यांच्या काचा थरथरायच्या. गंजका सांगाडा आणून, वर्षानुवर्षं सुट्टीचे दिवस खपून मी तिला उभी केली होती. आता घरमालकाला गॅरेज परत हवं होतं, म्हणून विक्रीची जाहिरात दिली.

पहिलं गिऱ्हाईक येणार त्या शनिवारी मी पोहे केले, आलं घालून चहा टाकला आणि पाहुण्याने गाडीत कुडकुडू नये म्हणून इंजिन आधीच तापवून ठेवलं. गृहस्थ आले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि कपाळाला आठ्या!

“आधीच सुरू केलीत? काय लपवताय?”

जुनी गाडी गार असतानाच तपासतात, तिची दुखणी तेव्हाच कळतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पाहुणचाराच्या नादात साफ विसरलो. गृहस्थांनी गाडी नाकारली, पोहे मात्र दोनदा घेतले आणि स्वतःच्या घटस्फोटाची हकिगत साग्रसंगीत सांगितली. ते गेल्यावर लक्षात आलं, आठवडाभरात माझ्याशी इतकं कुणीच बोललं नव्हतं.

मग काय! पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाआधी मी मुद्दाम इंजिन तापवू लागलो. माणसं यायची, नाकं मुरडायची, खायची, गप्पा मारायची आणि गाडी सोडून जायची.

फोनवर बायकोने विचारलं, “अहो, गाडी विकताय की मुलगी दाखवताय?”

“पसंत पडत नाही गं कुणाला.”

“पडत नाही, की तुम्ही पडू देत नाही?”

“हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय तुझा!”

शेवटी एक निवृत्त बाई आल्या. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून त्यांनी दारांवरून फिरवलं. रंगाखाली कुठे पुट्टी भरून खड्डे बुजवलेत का, ते पाहिलं; पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. मग बॉनेटवर हात ठेवला.

“गरम आहे.”

“अरेरे, खरंच की!” मी रंगमंचावर शोभेल असा चेहरा केला.

“बरं तर, गार होईपर्यंत थांबते.” आणि बाईंनी गॅरेजमध्येच स्टूल ओढून बैठक मारली.

बाप रे, काय बोललो मी त्या दुपारी! पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीखाली घालवलेली थंडी, टॉर्च धरून उभी राहणारी आणि सतत मला बोल लावणारी बायको, सगळं सगळं. बाई हसायच्या तिथे हसत होत्या, मधेच एखादा नेमका प्रश्न विचारत होत्या. मी मात्र चहाचं निमित्त करून उठायचो आणि गुपचूप बॉनेट चाचपायचो. ऊब कमी कमी होत होती.

“झाली गार,” म्हणत त्या आत बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली.

खोकावं तिने, एकदा तरी अडखळावं, असं मनापासून वाटलं. पण पहिल्याच फटक्यात ती डरकाळली. इतकी चोख बांधली होती मीच!

“सुंदर काम आहे,” बाईंनी हात पुढे केला. “घेते मी. पुढच्या शनिवारी माझ्या नावाची नंबरप्लेट आणते आणि गाडी घेऊन जाते.”

“या,” मी म्हटलं. “सकाळीच या. जेवूनच जा.”