पाच मोजून बोलणारा वसू

वसूचा आवाज बंद पडला आणि मी धरून चालले की तो बुडाला. मी बीडला माहेरी, आठ दिवसांची बाळंतीण. मांडीवर पोर आणि कानाला बिनतारी यंत्र. माझा धाकटा भाऊ वसू वर पालीला, दुसऱ्या यंत्रापाशी. बिंदुसरेचं पाणी चढलं की त्यानं तिथून सांगायचं आणि आमच्या गल्लीनं उठायचं, त्यासाठीच ती यंत्रं होती. तो काहीतरी सांगत होता, पण त्याच्यावर तिसऱ्या यंत्रावरून चौसाळ्याच्या करीमभाईंचा आवाज बसला होता. दोन्ही मिळून नुसती शिट्टी. मग वसू गप्प झाला... आणि करीमभाई स्वच्छ ऐकू आले, "आपा, बच्ची कैसी हाय? डिंकाचे लाडू खातेत का न्हाई?"

वसू त्या पुरात नाही, मागच्या महिन्यात गेला. भरल्या वयात, झोपेत गेला; त्यात रडण्यासारखं काही नाही. निजामाच्या राज्यात हैदराबादेहून इंजिनिअर होऊन आला, तेव्हा सरकारनं त्याच्या तिन्ही यंत्रांना मिळून एकच लहर दिली होती. एका वेळी एकानंच बोलायचं. बोलायचं बटण दाबलं की दुसऱ्याचं ऐकू येत नसे. करीमभाई घड्याळं दुरुस्त करायचे, माणूस अदबीचा. खुशाली न विचारता कामाचं बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. त्यांची खुशाली विचारून झाली, बटण सुटलं, आणि वसू बोलला, "आक्का, पानी आलं. लेकरू घे, आईला घे, टेकडीवर जा."

दुसऱ्या दिवशी तो टेकडीवर आला तेव्हा मी आधी शिव्याच दिल्या. "मेल्या, कावून गप बसलास?"

"बटन सोडलं तवा करीमभाई ऐकू आले. दोघंबी बोलत राह्यलो असतो तर तुला एकाचंबी कळलं नसतं."

"अन् ते थांबलेच नसते तर?"

 याचं उत्तर शोधण्यात त्याचा जन्म गेला. करीमभाई म्हणाले, आजपासून सलाम बंद. वसू म्हणाला, "सलाम करा की. पन आदी पाच मोजेपर्यंत ऐका. कोनी बोलत नसंल तरच बटन दाबा." पुढं हैदराबाद, मग पुणे, एका लहरीवर पुष्कळांनी एकमेकांना न तोडता कसं बोलावं, यावरच त्यानं लिहिलं, शिकवलं. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काही कळलं नाही. विचारलं तर हसायचा, "तेच चाललंय आक्का, मी अन् करीमभाई."

घरातही तो पाच मोजूनच बोले. भाजीत मीठ आहे का विचारलं तरी मांडीवर बोटं मोजायचा. मला राग यायचा. रविवारी फोन करायचा आणि आधी गप्प... मी म्हणायची, "हायस का गेलास?"

आता रविवारी शांता फोन करते. मामाची सवय तिनंही उचललीय. आधी गप्प राहते. मी काही म्हणत नाही, थांबते. त्या दिवशी मांडीवर होती ती हीच. पुरात घर गेलं, यंत्र गेलं. आई, शांता आणि मी, तिघी जगलो.