डुकरांच्या वाट्याचा चीक

माझ्या नातवंडांनो, रविवारी फोनवर तुमच्यातल्या मधलीने मला एक डबा दाखवला. आत गाईच्या चिकाची भुकटी. आतड्यांच्या आरोग्यासाठी म्हणे, रोज एक चमचा, आणि तोही उकळत्या कॉफीत. मी तेव्हा गप्प बसले, कारण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही तिघं हसायला लागता. म्हणून मनीषनगरच्या या टेबलाशी बसून लिहिते आहे. चिकाबद्दल मला थोडं कळतं. ते मी फार अभिमानास्पद रीतीने शिकले नाही.

मी पशुवैद्यक होते हे तुम्हाला माहीत आहे. नोकरीची शेवटची वर्षं कुठे काढली, हे तुमच्या आईवडिलांनी बहुधा सांगितलं नसेल. पशुवैद्यक महाविद्यालयात मी डुकरांकडे होते. दारावरच्या पाटीवर ‘वराह विभाग’ लिहिलं होतं, कारण डुक्कर हा शब्द लिहायला आमच्या शिकलेल्या मंडळींना लाज वाटे. सहकारी नाकाला रुमाल लावून दारापर्यंत येत, माझी सही घेत, आणि कशालाही हात न लावता हात धुवायला पळत. त्यातले दोघे आहारशास्त्र शिकवत. डुकराच्या पिल्लाचं पोट त्यांनी फक्त फळ्यावर पाहिलं होतं.

विभागात खरं काम दोघीच करत होतो. दुसरी आमची मदतनीस, रोज कोराडीहून बसने येणारी.

एका सकाळी एक डुकरी दहा दिवस आधीच व्याली. नऊ पिल्लं, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. चोखायची ताकद नाही, आणि डुकरीला ताप असल्याने पाजायला दूधही नाही. अशा अपुऱ्या दिवसांच्या पिल्लाची आतडी कच्ची असतात. साधं दूध किंवा पावडर दिली तर ती पचत नाही, आत सडते, पोट फुगतं आणि आतडंच मरतं. कच्चा चीक थेंबाथेंबाने दिला तर ते आतडं तग धरतं. म्हणून मी गोठ्यातल्या गाईचा चीक कायम फ्रीजमध्ये ठेवत असे, कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून.

पिल्लांना दिव्याखाली ठेवलं, जिभेवर साखरेचं पाणी लावलं, मदतनिसीला कॅन बाहेर काढायला सांगितलं आणि मी मीटिंगला गेले. मीटिंग चुकवली तर साहेब हजेरीवर लाल शेरा मारत. मीटिंगमध्ये प्राण्यांच्या आरोग्यावर कोणी काही बोललं नाही. साहेबांच्या घरून खरवस आला होता. वेलची आणि जायफळ घातलेला. मी दोन वड्या खाल्ल्या आणि छान झालाय असं म्हणाले.

परत आले तर मदतनीस रिकाम्या हाताने दारात उभी.

“मॅडम, चीक नाई हाय. काल सांजेलेच साहेबाचा ड्रायव्हर घेऊन गेला.”

“तू नेऊ कसा दिलास?”

“मी काहून देईन? हापिसातल्या बाबूनं काढून देला. म्हने डुकराच्या पोट्ट्यायले खरवस कायले पायजे.” मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “तुमी खाल्ला काय?”

“हो.”

“कसा झाला होता?”

मी फ्रीज उघडून स्वतः पाहिलं.

त्या दिवशी पावडरच होती, तीच पातळ करून नळीने दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन पिल्लं पोट फुगून मेलेली होती. मी तडक साहेबांकडे गेले. शिजवलेल्या चिकाचा पिल्लाच्या आतड्याला काही उपयोग नसतो, तो फक्त गोड पदार्थ उरतो, हे मला एका पशुवैद्यकाला समजावून सांगावं लागलं. त्याने शांतपणे चष्मा पुसला.

“अहो मॅडम, डुकरं आहेत ती. आणि तुम्हीही खाल्लात की.”

त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही तुच्छतेशिवाय काही नाही. पण ते वाक्य खोटं नव्हतं. मी खाली मान घालून बाहेर आले.

विभागात पोचले तेव्हा मदतनीस बसमधून आत्ताच आलेली, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला जेवणाचा डबा. तिच्या बहिणीची गाय आदल्याच रात्री व्याली होती. कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेतून आणि कोळशाच्या ट्रकांमधून तिने तो चीक सांडू न देता आणला होता.

“उकळला नाही ना?” मी विचारलं.

“मी काय साहेब हाओ?”

आम्ही दोघींनी दर दोन तासांनी सिरिंजने चीक दिला, आधी पाच थेंब, मग दहा. पुढचे तीन दिवस ती रोज डबा आणत राहिली. बहिणीच्या घरी त्या वर्षी खरवस झाला नाही. कार्यालयातून कोणी चौकशीला आलं नाही. साहेबांनी नंतर आमच्या विभागावर एक भाषण दिलं, त्यात चिकाचा उल्लेख ‘आमचा प्रयोग’ असा होता. सभागृहात टाळ्या झाल्या. मदतनिसीला बोलावलंच नव्हतं.

आणखी दोन पिल्लं गेली. चार जगली, त्यात एक मादी होती. गेल्या महिन्यात मी तिथे जाऊन आले. त्या मादीच्या वंशातल्या तीन डुकरी अजून आहेत, आणि त्यातली एक आपल्या पिल्लांना स्वतःच पाजते आहे.