खाडीतले कृमी, दोन की एक

पीएच.डी.साठी मी समुद्रातले केसाळ कृमी निवडले, तेव्हा बिलोलीतल्या आमच्या गल्लीनं मला वेड्यात काढलं. नांदेडचे माझे मार्गदर्शक सरही म्हणाले, "गोदावरीत किडे कमी पडले का?" मी हट्टी. ऐकलं नाही.

कोकणातल्या एका खाडीच्या दोन्ही काठांवरून मी बोटभर लांबीचे कृमी आणले. पुस्तकांनुसार ती एकच जात. भिंगाखाली मात्र मला ते एक वाटेनात. उत्तर काठच्यांच्या सोंडेवरचे बारीक दात चंद्रकोरीत मांडलेले, दक्षिण काठच्यांचे सरळ ओळीत. शेपटाकडच्या राठ केसांची टोकंही वेगळी, एकाची दुभंगलेली, दुसऱ्याची साधी. सर म्हणाले, "वाढत्या वयात दात बदलतात. लहानमोठ्याचा फरक असेल. जनुकं तपासल्याशिवाय मी नवी जात म्हणणार नाही." बोलले बरोबरच, पण मला राग आला. दोन वर्षं डोळे फोडून दात मोजले होते मी. दक्षिण काठची जात नवी आहे, यावर माझा सगळा डोलारा उभा होता.

जनुकं तपासायची तर नमुने अल्कोहोलमध्ये ठेवावे लागतात. फॉर्मॅलीनमध्ये शरीर छान टिकतं, पण डीएनएची वाट लागते. हे मला माहीत होतं. प्रत्येकाचा एक तुकडा आधीच कापून तपासणीला पाठवायला हवा होता. पण कापला की नमुना बिघडतो, म्हणून आधी मोजणी संपवू म्हणत राहिले.

मे महिन्यात विभागात रंगकाम निघालं आणि मी बाटल्या घरी बिलोलीला आणल्या. त्या उन्हात झाकणांतूनही अल्कोहोल उडायचं. दोन दिवसांत घरभर वास. त्यात बुद्धपौर्णिमा आलेली. सकाळी घरी वंदना, मग गल्लीतल्या बाया खिरीला येणार. आई स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली.

"ह्यो कसला वास येऊन राहिला गं?"

"औषध आहे आई. किडे ठेवलेत त्यात."

"मला शिकवू नको. दारूचा वास वळखते मी. आज पंचशील घ्यायचं, अन् घरात दारू? बाया काय म्हंतील? बाहेर काढ ते."

बाहेर म्हणजे पत्र्याच्या पडवीत, भर उन्हात. समजावून सांगायला पाच मिनिटं पुरली असती. पण मी चिडले होते, आणि खरं सांगायचं तर बायांसमोर मलाही लाज वाटत होती. शेजारच्या कॉलेजातल्या ओळखीच्या शिक्षकांकडून फॉर्मॅलीन आणलं. आमच्या विभागात साप, बेडूक, विंचू, सगळं वर्षानुवर्षं फॉर्मॅलीनमध्येच असतं. आठवडाभरानं काय बिघडतंय, असं मनाशी म्हणत मी एकेका बाटलीतलं अल्कोहोल ओतून दिलं आणि फॉर्मॅलीन भरलं. आईनं वास घेतला. "आता दवाखान्यासारखा येतोय. हे चालंल." बाया आल्या, खीर खाऊन गेल्या.

विभाग उघडला तो दीड महिन्यानं. तेव्हा कुठे मी तुकडे कापून तपासणीला पाठवले. तपासणीचा निकाल आला तेव्हा मी लातूरला बहिणीकडे होते. एकाही नमुन्यातून वाचता येईल असा डीएनए निघाला नव्हता. मी तिच्या न्हाणीघरात जाऊन रडले. आईला दोष द्यायचा मोह झाला. पण तिनं बाहेर काढ म्हटलं होतं, फॉर्मॅलीन ओत म्हटलं नव्हतं.

सर ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. "परत जा. नवे आण," एवढंच म्हणाले.

गेले. उत्तर काठावर चिखल उपसला की कृमी मिळत होते. होडीतून दक्षिण काठाला गेले, तर चिखलच नव्हता. मुरूम टाकून सगळं सपाट केलेलं, वर धक्क्याचं काम चाललेलं. खडकांवरचे शिंपले फोडून कालवं काढणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, भराव पावसाळ्याआधीच पडला. तीन दिवस मी आसपासच्या खाड्या पालथ्या घातल्या. सरळ ओळीच्या दातांचा एकही कृमी मिळाला नाही.

प्रबंध लिहिताना सर म्हणाले, "नमुने अपुरे होते, असं लिही. बाकीचं कोण विचारतंय?" मी लिहिलं, नमुने मी स्वतः फॉर्मॅलीनमध्ये टाकले. त्यांनी ते वाक्य खोडलं. मी परत लिहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. "मग दक्षिण काठची जात वेगळी होती की नाही?"

"माहीत नाही."

"तुमचा अंदाज?"

"वेगळी होती."

"अंदाज कुणी मानत नाही," त्या सौम्यपणे म्हणाल्या.

त्यांनी सही केली आणि मी डॉक्टर झाले. बाहेर मैत्रिणी पेढे घेऊन उभ्या होत्या, सगळ्यांना मी हसून पेढा दिला. त्या काठावर एक अख्खी जात होती का, हे सांगू शकेल असं जगात माझ्याकडेच काही होतं, आणि ते मी चार बायांना वास येऊ नये म्हणून घालवलं.