बाबांना मध्ये बोलू द्या

आमच्या घरात कुणाचंही वाक्य एकट्याने पूर्ण होत नाही. आई सुरुवात करते, दादा मध्येच तोंड घालतो, वहिनी दुरुस्ती करते आणि शेवट बाबा करतात, कारण त्यांचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठा. पाहुणे आमच्याकडून डोकं धरून घरी जातात.

बाबांनी उभा जन्म नळ, पाइप आणि बिजागऱ्यांच्या दुकानात काउंटरमागे काढला. माल सगळा वर माळ्यावर. गिऱ्हाईक आलं की बाबा मान वर करून पुकारणार, ‘‘पाऊण इंची एल्बो, सहा!’’ आणि वरून पिशवी खाली येणार. शेजारी चष्म्याचं दुकान आहे. तिथल्या बाईंना ऐकून ऐकून पाइपांची मापं तोंडपाठ झाली होती.

त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री देता येत नाही. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येईपर्यंत आमच्यापैकी कुणी एक शब्द बोललं नाही. असं याआधी कधी झालं नव्हतं. मला फार भीती वाटली.

मग मी ठरवलं, आपल्या घरावर फिल्म करायची. बाबांनी सगळी कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगायची, ऑपरेशनच्या आधी. मी शेंडेफळ असल्यामुळे हुकूम सोडायची सवय मला आहेच. मैत्रिणीचा कॅमेरा आणला, खिडकीचा पडदा अर्धा ओढला, पंखा बंद केला, कुकर गॅसवरून उतरवला. आई, दादा आणि वहिनीला स्वयंपाकघरात बसवून बजावलं, ‘‘आवाज आला तर याद राखा. आज फक्त बाबा बोलणार.’’

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. घसा खाकरला.

‘‘मी दुकानात काम करतो,’’ ते म्हणाले. ‘‘मला दोन मुलं आहेत. मुलं चांगली आहेत.’’

पुढे काही नाही. मी म्हटलं, ‘‘बाबा, या घरात राहायला आलात तो दिवस सांगा की. कपाटाची गोष्ट.’’

‘‘हो. कपाट आणलं. मग ठेवलं.’’

मी कपाळावर हात मारला. याच माणसाने ती गोष्ट निदान शंभरदा रंगवून सांगितली होती. पण आज समोर सगळं चिडीचूप, आणि बाबांना शब्द सापडेना. पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ते बसून होते. कपाळावर घाम.

‘‘जमत नाही गं,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘राहू दे. आवाज गेला तर गेला.’’

मी कॅमेरा बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची कुजबुज ऐकू आली. आईची कुजबुज म्हणजे इतरांचं साधं बोलणं. ती वहिनीला सांगत होती, ‘‘त्या कपाटात एवढं काय आहे? हमालांनी उचललं आणि सरळ वर नेलं.’’

‘‘सरळ?’’ बाबा खुर्चीतून अर्धे उठले. ‘‘सरळ वर नेलं? अगं, जिन्याच्या वळणावर अडकलं होतं ते! ना वर जाईना, ना खाली येईना! वरच्या मजल्यावरचे मास्तर शाळेत जायला निघालेले, ते चपला हातात घेऊन कपाटावरून सरपटत खाली आले. आणि तू? तू खाली उभी राहून हसत होतीस!’’

तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाबांना गोष्ट सांगता येत नाही, त्यांना फक्त दुसऱ्याची चूक काढता येते. आणि मी शहाणीने त्यांच्या वाटेतून सगळ्या चुका गोळा करून स्वयंपाकघरात कोंडल्या होत्या.

मी आईला हाताला धरून बाहेर आणलं आणि त्यांच्या शेजारी बसवलं. कानात सांगितलं, ‘‘सगळं खोटं सांग.’’

आईने जराही आढेवेढे घेतले नाहीत. दादाला सायकल मीच शिकवली म्हणाली. बाबांना पोहता येत नाही म्हणाली. वहिनीला बघताक्षणी आपणच पसंत केलं, बाबांनी नाक मुरडलं होतं म्हणाली. बाबा एकेक खोटं खोडून काढत राहिले, मांडीवर थापा मारत, हातवारे करत, कॅमेरा आहे हेच विसरून. दादा आणि वहिनीही बाहेर येऊन आगीत तेल ओतायला लागले.

मग आई म्हणाली, ‘‘आणि मी तापाने फणफणले होते, तेव्हा हे मला टाकून खुशाल दुकानात गेले.’’

‘‘साफ खोटं!’’ बाबांचा आवाज चढला. ‘‘मालकांना सांगितलं होतं, कामावरून काढायचं तर काढा, मी येत नाही. तुझ्या उशाशी बसून होतो. डोळा लागू दिला नाही मी.’’

आई त्यांच्याकडे बघत राहिली. ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘बसला होतात.’’



ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र बारीक झाला, नळाला पाणी कमी आल्यासारखा. मालकांनी काउंटरवर घंटी ठेवली. बाबा घंटी वाजवतात, बोटांनी माप दाखवतात, माल येतो. त्याचं त्यांना काही वाटत नाही. वाईट वाटायचं ते घरचं. त्यांनी नुसते ओठ हलवले की आम्ही सगळे हातातलं काम टाकून गप्प व्हायचो. मग बाबा ‘‘काही नाही’’ म्हणून पेपर उघडायचे.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी फिल्म लावली. पडद्यावरचे बाबा गरजले. खरे बाबा मन लावून बघत होते. कपाटाची गोष्ट संपली तसा त्यांनी हात वर केला. दादाने लगेच फिल्म थांबवली. आम्ही सगळे श्वास रोखून वाट बघत राहिलो. बाबांनी आमच्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

आई म्हणाली, ‘‘ते कपाट हिरवं होतं.’’

‘‘राखाडी,’’ बाबा त्या बारीक आवाजात म्हणाले.

‘‘हिरवंच. मी पसंत केलं होतं, मला माहीत नाही का?’’

‘‘राखाडी! नंतर मी रंग—’’

‘‘रंग ह्यांनी दिला,’’ वहिनी दादाकडे बोट दाखवून म्हणाली. दादा म्हणाला, ‘‘मी? मी तेव्हा जेमतेम शाळेत होतो!’’ मीही काहीतरी ओरडले. बाबा स्टीलचा पेला टेबलावर आपटत बोलतच होते. एक शब्द नीट ऐकू येत नव्हता.

‘‘अहो,’’ आई त्यांच्यावर खेकसली, ‘‘जरा गप्प बसा, मला बोलू द्या की!’’

बाबा इतके खूश झाले, की त्यांनी पेला आणखी जोरात आपटला.